मिरची कसली, हा तर डबा!

मंडळी, सुरुवात कोड्यानं. डोक्यावर टोपी, पण पुढारी नाही. पोट एवढं मोठं, पण आत काही नाही. आडनाव मिरची, पण स्वभाव गुलाबजामचा. ओळखा पाहू!

करेक्ट! आपली ढोबळी मिरची. कुणाकडे भोपळी, कुणाकडे सिमला. आज तिच्या पोटात धान्य आणि भाज्या भरायच्या आहेत. दूध, तूप, पनीर आणि चीज या चौकडीला मात्र दारातूनच नमस्कार. थोडक्यात, फुल टू व्हेगन भरली मिरची! पण गॅस पेटवण्याआधी थोडं जनरल नॉलेज होऊन जाऊ द्या. पंगतीत शेजारच्यावर इम्प्रेशन मारायला उपयोगी पडेल.

नावातच डबा

‘कॅप्सिकम’ या भारदस्त नावाचा अर्थ माहीत आहे का? लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे पेटी किंवा डबा. औषधाची कॅप्सूल आणि चष्म्याची केस ही दोघंही त्याच खानदानातली. काही पंडित मात्र हे नाव ‘चावणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाकडे नेतात. आता बघा, ढोबळी बिचारी कुणाला चावत नाही. त्यामुळे आमचं मत डब्याला! निसर्गानं झाडाला टांगून ठेवलेला, झाकणासकट मिळणारा डबा.

छत्री, टोपली आणि जाडू

शेजारी तिला काय म्हणतात, माहीत आहे का? तमिळमध्ये ‘कुडै मिळगाय’, म्हणजे छत्री मिरची. तेलुगूत ‘बुट्ट मिरपकाय’, म्हणजे टोपली मिरची. कोल्हापूरकरांनो, तुमची बुट्टी आठवली ना? कन्नडमध्ये ‘दप्प मेणसिनकाई’, म्हणजे सरळ सरळ जाडी मिरची. नो फिल्टर! मराठीनं जरा सभ्यपणा दाखवून ‘ढोबळी’ म्हटलं. अर्थ तोच, फक्त आवाज मऊ.

कोलंबसची चूक, आपलीही सेम

कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. अमेरिकेच्या बेटांवर त्याला भेटली भलतीच तिखट पोरगी. ती मिरीसारखीच झोंबते म्हणून युरोपनं तिलाही ‘पेपर’ हेच नाव चिकटवलं. हसू नका! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याकडे आली, तेव्हा आपण काय केलं? संस्कृतात ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. त्यावरूनच आली ‘मिरची’. दोन खंडांत एकच चूक झाली आणि कुणालाच दंड नाही.

तिखटाच्या परीक्षेत भोपळा

१९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन फार्मासिस्टनं तिखटपणा मोजायची पट्टी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि झोंबणं कधी थांबतं ते चाखणाऱ्यांना विचारायचं. असा हा जिभेचा ओव्हरटाइम. २०२३ मध्ये गिनीज बुकात पहिली आलेली ‘पेपर एक्स’ किती स्कोव्हिलची? सरासरी २६ लाख ९३ हजार! आणि आपली ढोबळी? शून्य. ‘भोपळी’ मिरचीला भोपळा. याला म्हणतात नावाला जागणं!

कारण जनुकात आहे. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन बनवण्याचं खातंच हिच्यात बंद पडलंय. आणि जाता जाता एक गैरसमज मोडा. तिखट मिरचीत खरी आग बियांमध्ये नसते. ती असते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांमध्ये. बिया बिचाऱ्या संगतीनं बदनाम.

एकीला उपवास, दुसरीला वनवास

हिरवी मिरची, ब्याडगी आणि ढोबळी या तिघींचं शास्त्रीय नाव एकच आहे, माहीत आहे का? ‘कॅप्सिकम ॲन्युअम’! एकच प्रजाती, सख्ख्या बहिणी. तरी बहुतेक मराठी घरांत साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची ऐटीत बसते आणि ढोबळीला उपवासाच्या ताटात एंट्री नाही. गंमत म्हणजे त्या खिचडीतले साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची असे चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. एकादशीला आपण ज्या ताटाला हात जोडतो, ते अर्धं अधिक समुद्रापलीकडून आलंय!

सिग्नल सुटला

मॉलमध्ये लाल, पिवळी, हिरवी असा ट्रॅफिक सिग्नल पॅक मिळतो. लाल आणि हिरवी या वेगळ्या जाती आहेत असं वाटत असेल, तर थांबा! हिरवी म्हणजे कच्ची आणि लाल म्हणजे पिकलेली. काही वाण पिकून पिवळे होतात, काही केशरी. लाल महाग का? ती झाडावर जास्त दिवस मुक्काम करते. शेतकऱ्याचं पाणी, खत आणि काळजी सगळं वाढतं. भाडं कुणी भरायचं? तुम्ही!

आणि हो, पूर्ण हिरवी तोडलेली मिरची टोमॅटोसारखी टोपलीत ठेवून लाल होईल अशी वाट बघू नका. ती लाल व्हायच्या आधी सुरकुतेल आणि वाट बघून तुम्हीही.

संत्र्याची दांडी गुल

क जीवनसत्त्व म्हटलं की डोळ्यांसमोर नागपूर येतं ना? आता आकडे बघा. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५३ मिलिग्रॅम. हिरव्या ढोबळीत सुमारे ८०. लाल ढोबळीत सव्वाशेच्याही पुढे! नागपूरकरांनो, रागावू नका. ढोबळी काही बर्फीत घालता येत नाही. तो किताब तुमच्याकडेच.

बायकोचं जेवण टाळलं, पुढे नोबेल मिळालं

हा किस्सा कानात साठवून ठेवा. हंगेरीतलं सेगेद गाव पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध. तिथले शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांच्या पुढ्यात एका रात्री बायकोनं ताजी पाप्रिका वाढली. साहेबांना ती खायची इच्छा नव्हती. तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग त्यांना आठवलं, अरेच्चा, ही मिरची आपण तपासलीच नाही! ताटातली मिरची उचलून स्वारी प्रयोगशाळेत. मध्यरात्रीपर्यंत कळलं की मिरची क जीवनसत्त्वानं खचाखच भरलीय. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय.

त्याआधीची गंमत तर अजून भारी. क जीवनसत्त्व पहिल्यांदा हाती लागलं तेव्हा ते नेमकं काय आहे हे त्यांनाच उमगेना. ग्लुकोज, फ्रुक्टोज या चालीवर त्यांनी नाव सुचवलं ‘इग्नोज’, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’. संपादकांनी नाक मुरडलं. मग यांनी दुसरं सुचवलं, ‘गॉडनोज’! मराठीत ‘देवजाणे’. आडनाव म्हणूनही शोभलं असतं. पण तेही नामंजूर. विज्ञानाला विनोदाची ॲलर्जी तेव्हाही होतीच.

नर-मादी? थापा!

व्हॉट्सॲपवर येतं, बघा. खाली तीन फुगवटे असलेली मिरची ‘नर’, चार असलेली ‘मादी’ आणि मादी गोड. शुद्ध लोणकढी! मिरचीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. फळाला लिंगच नसतं. फुगवटे किती येणार, ते वाण आणि हवापाणी ठरवतं.

पण बाजारात फुगवटे जरूर मोजा! चार फुगवट्यांची मिरची कढईत चौरंगासारखी ठाम बसते. तीनवाली डुगडुगते आणि सारण सांडते.

डब्यात छोटा डबा

कधी मिरची चिरली आणि आत अजून एक पिटुकली मिरची निघाली, असं झालंय? घाबरू नका, कुणी करणी केलेली नाही. बीजाच्या जागची पेशी कधी कधी वाट चुकते आणि बी होण्याऐवजी मिनी मिरची बनते. ती खुशाल खा. एकावर एक फ्री!

स्विमिंग पूलमधला वास

ढोबळी चिरली की शेजारच्या खोलीत कळतं. का, माहीत आहे का? तिच्यात मेथॉक्सिपायराझिन घराण्यातलं एक रसायन असतं. त्याला ओळखायला आपल्या नाकाला पाण्याच्या एक लाख कोटी भागांत फक्त दोन भाग पुरतात! हिशेब सोपा करू. २५ लाख लिटरच्या ऑलिंपिक स्विमिंग पूलमध्ये या रसायनाचे जेमतेम ५ मिलिग्रॅम टाका. वास आला!

आणि हेच रसायन सोव्हिन्यों ब्लां नावाच्या वाइनमध्येही असतं. म्हणजे नाशिकच्या एखाद्या वाइनरीत कुणी ग्लास हुंगून “जरा ढोबळी मिरचीचा वास येतोय” म्हणालं, तर त्याला हसू नका. तो एक्स्पर्ट आहे!

बॉम्बे अजून जिवंत!

मुंबईचं बॉम्बे म्हटलं की आजही वाद पेटतो. पण आपल्याकडच्या पॉलिहाऊसमध्ये फेरी मारा. लाल ढोबळीच्या एका लोकप्रिय संकरित वाणाचं नावच आहे ‘बॉम्बे’! पिवळीचं ‘ओरोबेल’ आणि हिरवीचं ‘इंद्रा’. एकाच शेडमध्ये बॉम्बे आणि इंद्रा. फक्त अप्सरा तेवढ्या कमी.

भरली मिरची, भरली टॅक्सी, भरला बगीचा

आता चला इस्तंबूलला. तिथं भरल्या भाजीला म्हणतात ‘दोल्मा’, कारण ‘दोल्माक’ म्हणजे भरणं. मिरचीची ‘बिबेर दोल्मासी’. तिथल्या शेअर टॅक्सीला काय म्हणतात, माहीत आहे का? ‘दोल्मुश’! म्हणजे ‘भरलेली’. सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. वडापवाल्यांनो, तुर्कस्तानात तुमचे चुलतभाऊ आहेत!

पिक्चर अभी बाकी है. बॉस्फरसच्या काठावर १८५६ मध्ये पूर्ण झालेला आलिशान राजवाडा आहे, ‘दोल्माबाह्चे’. समुद्राची खाडी बुजवून तिथं बाग केली होती, तिच्या जागी हा महाल उभा राहिला. ‘बाह्चे’ आणि आपला ‘बगीचा’ दोघंही फारसीतून आलेले. म्हणजे राजवाड्याचं नाव चक्क ‘भरला बगीचा’! भरलं वांगं, भरली मिरची, भरला बगीचा. गोडा मसाला घ्या कुणीतरी.

टोपी घालणारी मिरची

तुर्की दोल्मा दोन प्रकारची. एक मांसाची आणि दुसरी तांदळाची. दुसरीत तांदूळ, कांदा, चिलगोज्यासारखे दाणे, छोटे मनुके, पुदिना आणि भरपूर ऑलिव्ह तेल. ही थंड खातात आणि तिच्यात मांसाचा पत्ता नसतो. म्हणून तिचं लाडकं नाव ‘यालान्जी दोल्मा’. अर्थ? खोटारडी! बाहेरून मटणवाली, आत निव्वळ भात. देठाची टोपी डोक्यावर घेऊन पाहुण्यालाच टोपी घालते.

ग्रीसमध्ये तर अजून करुण प्रकार. तिथं भरल्या मिरची-टोमॅटोला ‘गेमिस्ता’ म्हणतात आणि बिनमांसाची असेल तर ‘ऑर्फाना’, म्हणजे अनाथ! इकडे शाकाहारी माणूस ती आवडीनं दत्तक घेतो.

बल्गेरियात ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं पारंपरिक जेवण उपवासाचं असतं. मांस, दूध, अंडी काही नाही आणि पदार्थांची संख्या विषम. सात, नऊ, अकरा. त्यात मानाचं पान कुणाला? वाळवलेल्या मिरचीत भात किंवा घेवड्याच्या बिया भरलेल्या डिशला. व्हेगन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीपासूनची ही व्हेगन मेजवानी.

आणि अझरबैजान? तिथल्या दोल्मा करण्याच्या आणि वाटून खाण्याच्या परंपरेला २०१७ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. वाटून खाणंही वारसा, बरं का! एकट्यानं चार मिरच्या संपवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हापूसप्रेमींनी बसून वाचावं

बसलात? अमेरिकेतल्या ओहायो, इंडियाना, पेन्सिल्व्हेनिया भागात जुनी माणसं ढोबळी मिरचीला काय म्हणायची, माहीत आहे का? ‘मँगो’! होय, आंबा! झालं असं की पूर्वेकडून तिथं ताजे आंबे पोचेनात. पोचायचं ते लोणचं. मग मसाला भरून लोणचं घातलेल्या कुठल्याही फळभाजीला लोक ‘मँगो’ म्हणू लागले. त्यात ढोबळी भरायला सगळ्यांत सोयीची. लोणचं गेलं, नाव तेवढं तिला चिकटून राहिलं. रत्नागिरीकर पाहुणा तिथं “वन डझन मँगो” म्हणाला असता तर काय पिशवीत पडलं असतं, विचार करा. पेटी उघडल्यावरचा चेहरा डोळ्यांसमोर आला ना?

मुंडी आणि शेपूट

‘व्हेगन’ हा शब्द कुणी काढला? डोनाल्ड वॉटसन यांनी, १९४४ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये. पेशानं ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. मग काय, रंधा मारला! ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरं आणि शेवटची दोन घेतली, मधलं सगळं तासून टाकलं. आपण मिरचीचं पोट साफ करतो, अगदी तसंच. शर्यतीत ‘डेअरीबॅन’ आणि ‘बेनेव्होर’ असे उमेदवारही होते. बरं झालं पडले. “आमची सून डेअरीबॅन आहे” हे सांगताना सासूबाईंची जीभ अडखळली असती.

किनोआ? अरे, ही तर चाकवताची बहीण!

परदेशी रेसिपीत ढोबळीत हमखास किनोआ असतो. चकाचक पाकीट, भाव बघून भोवळ. पण कुळ माहीत आहे का? किनोआ आणि आपला चाकवत एकाच ‘चेनोपोडियम’ वंशातले! किनोआ हे गवत नव्हेच, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ते तृणधान्यही नाही. ताकातल्या चाकवताला नाकं मुरडणारी पोरं त्याच्या बहिणीचे मात्र फोटो टाकतात. २०१३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी किनोआला दिलं होतं. मग भारतानं आग्रह धरला आणि २०२३ हे वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणीच्या पदरात पडलं. हिशेब चुकता!

राजगिऱ्याची तर डबल गंमत. दाण्याचा राजगिरा मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोत लाह्या गोडात बांधून जी वडी करतात, तिचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या एसटी स्टँडवरची राजगिऱ्याची चिक्की आठवा. तीच ती! फक्त ‘आनंद’ तिकडे छापलेला असतो, इकडे पाच-दहा रुपयांत मिळतो.

एका मिरचीत किती पासपोर्ट?

आपण भरणार आहोत ज्वारी. ती आफ्रिकेतून आलेली. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा अमेरिकेतून. गाजराची पाळंमुळं मध्य आशियात. गोडा मसाल्यातला तीळ तेवढा आपला, भारतीय. एवढे खंड एका वेळी एकाच डब्यात बसलेले तुम्ही विमानतळावर तरी बघितलेत का? आणि व्हिसा फक्त एकच, मीठ.

आत्या, यू आर सो व्हेगन!

आता खरा ट्विस्ट. माझ्या आत्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आत्या, आज व्हेगन स्टफ्ड पेपर करतोय.” तिनं चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे नेमकं काय घालणार नाहीस?”

“दूध नाही, तूप नाही, पनीर नाही.”

“मग आमच्या भरल्या ढोबळीत ते होतं कधी?”

बोलती बंद! खरंच की. भाजलेलं बेसन, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, गुळाचा खडा, चिंच आणि तेल. सगळं झाडाचं नाहीतर वेलीचं. पीठ पेरलेली ढोबळीही पास. भरली वांगीही पास. आमच्या घरात नापास झाली फक्त सांडगी मिरची, कारण ती दह्याताकात मुरते. म्हणजे ‘व्हेगन’ शब्द जुळवायला १९४४ उजाडलं, पण पदार्थ आत्याच्या कढईत आधीपासून शिजत होता. तिला फक्त हॅशटॅग माहीत नव्हता.

माझा धडाका, मिरचीचा भडका

करायची कशी, सांगतो. पण आधी कशी करू नये तेही ऐका. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून कच्चे तांदूळ थेट मिरचीत भरले, तेही गळ्यापर्यंत गच्च. तांदूळ शिजताना फुगून तिप्पट होतो हे शाळेत नाही, कढईत शिकलो. वीस मिनिटांत एकेक मिरची उभी उसवली. दिवाळीला शिवलेला शर्ट फराळानंतर उसवतो, तशी! वरचा भात कच्चा, खालचा करपलेला. म्हणून नियम नंबर एक: धान्य आधी शिजवा किंवा डब्यात वर जागा सोडा. दोल्मा करणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे.

आता करेक्ट पद्धत. चार बुटक्या, चौरंगी मिरच्या. पाऊण वाटी अख्खी ज्वारी रात्रभर भिजत घाला, मग भरपूर पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या. दाणा दातांखाली मऊ लागला पाहिजे, पण लगदा नको. हुरड्याची आठवण यायला हवी, पेजेची नाही.

तेलात मोहरी, जिरं, हिंग, लसूण. मग बारीक कांदा, गाजर, मटार आणि एक टोमॅटो. त्यात ज्वारी, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चमचाभर गोडा मसाला, तिखट, मीठ आणि नखाएवढा गूळ. वरून कोथिंबीर. चाखा. आत्ता ज्यांना “आणखी एक चमचा चाखतो” असं वाटतंय त्यांनी सारण थोडं जास्तच करावं.

मिरचीचं देठाकडचं झाकण गोल कापा. फेकू नका, ती टोपी आहे! आतल्या शिरा आणि बिया काढून आतून मिठाचं बोट फिरवा. सारण भरा, टोपी घाला. जाड बुडाच्या कढईत तेल सोडून मिरच्या उभ्या करा. वर ताटली आणि ताटलीत पाणी! आजीची ट्रिक. खालची वाफ गार ताटलीला लागते, थेंब होऊन परत पडते, मिरची आपल्याच रसात शिजते. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, मधे एकदा कूस बदला. ओव्हनवाल्यांनी १९० अंशांवर अर्धा तास.

लिंबू शेवटी, रंग पहिला!

हिरवी मिरची शिजली की शेवाळी का होते, माहीत आहे का? हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबटपणा मिळून त्याला खुर्चीवरून उठवतात. खुर्ची गेली की रंग उडतो. राजकारणातही असंच होतं म्हणे! म्हणून लिंबू पानात वाढताना पिळा. लाल मिरचीला ही भीती कमी, तिचा रंग कॅप्सँथिन या लाल रंगद्रव्याचा. आणि चमचाभर तेलाला घाबरू नका. हे तांबडे-केशरी रंग स्निग्धात विरघळतात. तेल असेल तर ते अंगी लागतात, नसेल तर नुसते येऊन जातात.

चीज हवंच? गोव्याला फोन लावा

वरून पांढरं, मलईदार काहीतरी पाहिजेच असेल तर काजू गरम पाण्यात भिजवा, लसूण, मीठ आणि लिंबाचा थेंब घालून वाटा. झालं व्हेगन क्रीम! आणि काजूही कुठला? ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. ‘काजू’ हा शब्दसुद्धा त्यांच्या ‘काजू’वरून, आणि त्यांनी तो ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचललेला. एक दाणा, तीन भाषा, उच्चार जवळपास सेम!

मिरची चालली अंतराळात

शेवटचा रॉकेट फॅक्ट. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी मिरची लावली. ढोबळी नव्हे, तिची सख्खी बहीण. साधारण साडेतीन महिने वाट पाहिली, तोडली आणि टाकोत घालून खाल्ली. आता भरल्या ढोबळीचा नंबर कधी? बिनवजनात सारण भरायचं म्हणजे ज्वारीचा प्रत्येक दाणा स्वतंत्र उपग्रह! पण टोपी घट्ट बसवली की डबा सेफ.

डब्यावरून आठवलं. त्या दिवशी आत्यानं चवीनं दोन मिरच्या खाल्ल्या. टोपी खाल्ली, बूड खाल्लं, ताटात उरले दोन हिरवे देठ. मी अभिमानानं विचारलं, “काय मग, कसा वाटला माझा व्हेगन बेत?”

ती उठली, देठ कचऱ्यात टाकले, हात धुतले आणि म्हणाली, “आयुष्यभर घरातल्यांचे डबे भरले रे. न घासता संपलेला डबा आज पहिल्यांदा बघितला.”